साखळीच्या आतबाहेर – भाग ६ : देवडीवरचा रिले

कार्डानोवर ब्लॉक बनवणारा नोड मागच्या आठवड्यात उभा केला. तो थेट इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही. त्याच्यावर व्हीआरएफ आणि केईएस या सह्या करणाऱ्या चाव्या आहेत. बाहेरच्या नोडांशी बोलणं हे रिलेचं काम. वाड्याला देवडी, तसा हा : येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलणारा, पण तिजोरीची किल्ली नसलेला.

दोन्हीकडे सॉफ्टवेअर एकच असतं. चाव्यांशिवाय सुरू केला की तोच नोड रिले. सुरुवातीपासूनची सगळी साखळी उतरवून तपासायला खूप वेळ जातो. मिथ्रिलची प्रमाणित प्रत घेतली तर तो बराच वाचतो.

खरी मेख टोपोलॉजीच्या फाइलीत आहे. पूर्वी चालक शेजाऱ्यांच्या याद्या हाताने भरत. २०२३ पासून मुख्य नेटवर्कवर नोड आपले शेजारी स्वतः शोधतो, काहींशी जवळीक ठेवतो, काहींना नुसतं ओळखीत. तुम्ही भरायचं ते एवढंच : रिलेच्या ‘लोकल रूट्स’मध्ये ब्लॉक बनवणाऱ्या नोडचा पत्ता आणि त्याच्यापुढे ‘ॲडव्हर्टाइज’ला ‘फॉल्स’. इथे चुकून ‘ट्रू’ राहिलं, तर रिले तो पत्ता शेजाऱ्यांना सांगत सुटू शकतो आणि सगळी लपवालपवी वाया. उलट बाजूला ब्लॉक बनवणाऱ्याला फक्त आपलेच रिले ठाऊक असावेत, आणि फायरवॉलनेही त्यांच्यापलीकडे कुणाला आत घेऊ नये.

घरच्या ब्रॉडबँडवर रिले चालवायचा विचार असेल, तर आधी कंपनीकडे चौकशी करा. आपल्याकडे अनेक जोडण्यांमध्ये एकच सार्वजनिक आयपी पत्ता कितीतरी ग्राहकांत वाटलेला असतो. मग बाहेरून तुमच्या ३००१ पोर्टवर कुणी पोचतच नाही. स्थिर आयपी घ्या, नाहीतर भाड्याचा सर्व्हर. पूलच्या नोंदणीत मात्र रिलेचा आयपी न देता डोमेनचं नाव द्यावं असं माझं मत. आयपी बदलला की नवं प्रमाणपत्र करावं लागतं, आणि त्यावर सही करायला इंटरनेटपासून तोडून ठेवलेल्या संगणकावरची कोल्ड चावी पुन्हा बाहेर काढावी लागते. नाव असेल तर डीएनएसमधली एक ओळ बदलून भागतं.

रिलेला वेगळा मोबदला नाही, म्हणून लोक त्यावर काटकसर करतात. ती महागात पडते. स्लॉट एक सेकंदाचा, ब्लॉक सरासरी २० सेकंदांनी. तुमचा ब्लॉक रिलेत रखडला आणि तेवढ्यात दुसऱ्याचा पसरला, तर साखळी त्याच्यामागे पुढे जाते आणि तुमच्या वाट्याला काहीच येत नाही. म्हणून क्रोनीने घड्याळ बिनचूक ठेवायचं, आणि रिले निदान दोन हवेत. नवी आवृत्ती आली की एक बंद करून अद्ययावत करायचा. तो साखळीच्या टोकाशी पोचला याची खात्री झाल्यावरच दुसऱ्याला हात लावायचा.

केईएस चावी सुमारे तीन महिन्यांत कालबाह्य होते. ती वेळेत कशी बदलायची, ते पुढच्या भागात.