गोळी सुटल्यानंतरचं गणित : अलास्कातल्या मूसचं मांस पाठीवरून आणताना

मागच्या वेळी आपण अलास्काच्या शिकार-कायद्यांची तोंडओळख करून घेतली. तेव्हा एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "एवढा मोठा प्राणी रस्ता नसलेल्या जंगलात मारला, तर तो घरी आणतात कसा?" आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा प्रश्न उरलेला नाही. तिथे मात्र हिवाळ्याचं अन्न त्यावर अवलंबून असलेली कुटुंबं आहेत. म्हणून आज तेवढंच बघू.

आधी वजन. पूर्ण वाढलेला नर मूस ७०० किलोपर्यंत भरतो. त्यातून खाण्याजोगं मांस निघतं साधारण २२५ किलो. आता हिशेब करा. एका माणसाने एका फेरीत ३० किलो आणले, तर आठ फेऱ्या. प्राणी नदीकाठच्या होडीपासून ३ किलोमीटरवर पडला असेल, तर आठ वेळा ओझ्यासकट यायचं आणि सात वेळा रिकामं परत जायचं. झाले ४५ किलोमीटर! दोघे असले, तरी प्रत्येकी २१. आणि ही वाट सरळ नव्हे बरं का. पायाखाली दलदल, नाहीतर गवताचे डुगडुगणारे गड्डे, ज्यांवर पाय ठेवला की घोटा मुरगळलाच म्हणून समजा.

दुसरा शत्रू उष्णता. लोकांना वाटतं, अलास्का म्हणजे बर्फच, मांस कशाला नासेल? पण शिकारीचा मोठा हंगाम सप्टेंबरातला, आणि तेव्हा दुपारी चांगलं ऊन असू शकतं. शिवाय मूसचं जाड कातडं म्हणजे गोधडीच. आतली उष्णता बाहेर पडत नाही. नासायला सुरुवात होते ती मांडीच्या खोल भागात, खुब्याच्या हाडाजवळ. वरून मांस ताजं दिसतं, आत वास मारतो. म्हणून पहिलं काम कातडं सोलण्याचं.

मग तुकडे. मटणवाल्याच्या भाषेत सांगायचं तर खांदा, मांडी, चाप, गर्दन, सीना. गंमत अशी की पुढच्या पायाचा धडाशी हाडाचा सांधाच नसतो. तो नुसत्या स्नायूंनी धरलेला असतो, त्यामुळे साध्या सुरीने सुटतो. मागच्या पायाला मात्र खुब्याचा गोल सांधा शोधून कापावा लागतो. एक बाजू झाली की प्राणी उलटवून दुसरी. मांस हवा खेळेल अशा सुती पिशव्यांत भरून सावलीत टांगायचं. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नाही, आत वाफ धरते.

हाडं काढली तर ओझं हलकं होतं, हे खरं. पण अलास्काच्या काही विभागांत पाय आणि बरगड्या हाडासकटच बाहेर आणाव्या लागतात. एकेक मांडी मग ५० किलोच्याही पुढे जाऊ शकते. वरचा आपला आठ फेऱ्यांचा हिशेब तिथेच कोलमडतो.

पाठीवर बांधण्याचं तत्त्व सह्याद्रीत सॅक भरणाऱ्यांना ठाऊक आहेच. जड वस्तू पाठीला चिकटून, किंचित वर. भार कमरेच्या पट्ट्यावर, खांद्यांवर नव्हे. ओझं हललं की तोल गेला. उठताना बसूनच पट्टे आवळायचे, गुडघ्यावर यायचं, मग काठीच्या आधाराने उभं राहायचं. अंगात ताकद असते तोवर मांड्या आधी नेतात.

आणि अस्वलं. आतड्यांचा ढीग त्यांना लांबून कळतो. म्हणून मांस त्यापासून दूर, परतताना लांबूनच दिसेल अशा जागी ठेवतात, आणि पुढच्या फेरीला आवाज करत येतात. अस्वलाने ताबा घेतलाच असेल, तर ३० किलो मांसासाठी जीव घालवायचा नसतो.

आता शिंगं. कायदा सांगतो : आधी मांस. शिंगं न्यायची ती सगळं मांस हलवून झाल्यावर, फार तर शेवटच्या खेपेसोबत. खाण्याजोगं मांस रानात टाकून आलात, तर दंड आणि तुरुंगवास दोन्ही होऊ शकतात. तिथल्या मूलनिवासींची फार जुनी रीतही हेच सांगते. कोयुकॉन लोकांत प्राण्याचं मांस वाया घालवणं हा त्या प्राण्याचाच अपमान मानतात, आणि शिकारीतला वाटा म्हाताऱ्यांच्या घरी पोचतो.

तेव्हा त्या श्रोत्यांच्या प्रश्नाचं उत्तर असं, की 'आणायचं कसं' हे गोळी झाडण्याआधी ठरतं. माणसं किती, अंतर किती, ऊन किती, दिवस किती उरलाय. हे गणित जुळत नसेल, तर समोर कितीही देखणा मूस उभा असो, जाणता शिकारी बंदूक खाली ठेवतो. त्या दिवशी तो रिकाम्या हाताने परततो, पण रानात काही कुजत पडलेलं नसतं.