कृषिगणना : जमीन कोणाची नव्हे, कसतो कोण?



आपल्या देशात दर पाच वर्षांनी कृषिगणना घेतली जाते. पहिली गणना १९७०-७१ या वर्षासाठी झाली. अकरावी २०२१-२२ या वर्षासाठी घेण्यात आली व तिची माहिती प्रथमच मोबाईल आणि टॅबवर भरण्यात आली. गणनेचे वर्ष म्हणजे जुलै ते जून हे कृषी वर्ष होय. या कामासाठी तलाठी (नवे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) भेटला की "सातबारा तुमच्याकडेच आहे, त्यावरून लिहून घ्या" असे सांगून आपल्यापैकी बरेच जण मोकळे होतात. चूक होते ती येथेच.

सातबारा व आठ-अ वरून जमीन कोणाच्या नावावर आहे हे कळते. कृषिगणनेला हवे असते ते वहिती खाते, म्हणजे एका व्यवस्थेखाली कसली जाणारी सर्व जमीन; मग ती स्वतःची असो वा दुसऱ्याची. गणनेची यादी गाव दप्तरावरूनच तयार होते, परंतु ती कसणाऱ्याप्रमाणे लावून घ्यावी लागते आणि ही माहिती दप्तरात नसते. ती तुमच्याजवळच असते.

समजा, १२ एकर जमीन अजून आजोबांच्या नावावर आहे. तिघा भावांनी तोंडी वाटण्या केल्या असून प्रत्येकजण चार-चार एकर स्वतंत्रपणे कसतो. उताऱ्याप्रमाणे लिहिल्यास हे ४.८६ हेक्टरचे एक खाते होते आणि ते ४ ते १० हेक्टरच्या मध्यम गटात जाते. वास्तविक येथे १.६२ हेक्टरची तीन खाती आहेत व तिन्ही अल्पभूधारकांची, म्हणजे १ ते २ हेक्टर गटातील आहेत. तीन लहान शेतकरी कागदावरून नाहीसे झाले आणि जो हयात नाही असा एक मध्यम शेतकरी तयार झाला! याउलट पती-पत्नीच्या नावे दोन खाती असली, पण बैलजोडी, खर्च व उत्पन्न एकत्र असेल तर ते एकच वहिती खाते धरावे लागते. त्याच तालुक्यातील शेजारच्या गावात तुमचा एखादा गट असल्यास तोही सांगावा.

हे आकडे पुढे कुठे लागतात? महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये वहिती खात्याचे सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर, म्हणजे सुमारे साडेदहा एकर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर, सव्वातीन एकरांवर आले. लहान शेतीला परवडतील अशी अवजारे किती लागतील, अल्प व अत्यल्प भूधारकांच्या योजनांना किती तरतूद हवी, याचा अंदाज या आकड्यांवरून बांधला जातो.

गणनेचे तीन टप्पे असतात. पहिल्यात सर्व गावांतील खात्यांची यादी होते. दुसऱ्यात शंभरांपैकी २० गावांत सिंचन, पिके व कसण्याचा प्रकार यांचा तपशील घेतात. तिसऱ्यात केवळ ७ टक्के गावांत खते, बियाणे, औषधे, अवजारे व कर्ज यांची विचारणा होते आणि तीही प्रत्येक आकार गटातील चारच खात्यांची. त्या चारांत तुम्ही असाल तर अंदाजाने सांगितलेले खताचे एक पोते कितीतरी शेतकऱ्यांच्या हिशेबात धरले जाते.

आता बटाईविषयी. या प्रश्नाला बहुतेक जण बगल देतात व त्याचे कारण उघड आहे. पश्चिम महाराष्ट्र व कोकणात १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कुळे मालक मानली गेली. ती आठवण घराघरांत आहे. त्यामुळे जमीन बटाईने दिली असली तरी "मीच कसतो" असे उत्तर मिळते. परंतु गणनेचा तक्ता हा अधिकार अभिलेख नव्हे. सातबाऱ्यावरील हक्काची नोंद फेरफाराशिवाय बदलत नाही आणि गणनेतून फेरफार होत नाही. पीक पाहणी वेगळी, गणना वेगळी. दोन्हींची गल्लत करू नये. कागदावर बटाईदारच नसेल तर त्याच्यासाठी योजना कोणी आखावी?

भगिनींनी तर येथे मुळीच मागे राहू नये. २०१५-१६ च्या गणनेत देशातील शंभर वहितीधारकांत महिला जेमतेम १४ होत्या. धनी मुंबईला नोकरीवर आणि पेरणीपासून विक्रीपर्यंतचा निर्णय घरधनीणीचा, अशी घरे गावोगाव आहेत. अशा घरी वहितीधारक म्हणून त्या बाईचेच नाव सांगावयास हवे. उताऱ्यावर तिचे नाव नसले तरी चालते.

माहिती देताना आठ-अ चा उतारा व खत-बियाण्यांच्या पावत्या जवळ ठेवाव्यात. विहीर, बोअर वा कालवा यांपैकी कशावर किती क्षेत्र भिजते ते गटवार सांगावे. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहितात. ४० गुंठ्यांचा एकर म्हणजे ढोबळमानाने ४० आर, तेव्हा गुंठा तोच आर धरून सांगितले तरी तलाठ्यास लिहून घेता येते.