तंबूतलं हसू

१९२४ ते १९२८ या काळात हॉलिवूड आणि बर्लिनच्या मूकपटांना सर्कशीने झपाटलं होतं. सर्कशीत शब्दांचं काम थोडं, अंगाचं फार, मूकपटाचंही तसंच. पण या चित्रपटांचं खरं मोठेपण मला दुसरीकडे दिसतं. रिंगणाभोवती हसत बसलेल्या माणसांकडे त्यांनी रोखून पाहिलं.

'ही हू गेट्स स्लॅप्ड' (१९२४) हा एमजीएमने निर्मितीला घेतलेला पहिला चित्रपट. नाटक रशियन, लिओनिद आंद्रेयेव्हचं. दिग्दर्शक स्वीडनचा व्हिक्टर स्यॉस्ट्रॉम. नायक लॉन चेनी. शास्त्रज्ञ पॉल ब्यूमाँचं संशोधन आणि बायको, दोन्ही त्याचा आश्रयदाता बळकावतो, भर विद्वत्सभेत त्याच्या थोबाडीत देतो आणि सभा खो खो हसते. ब्यूमाँ सर्कशीत विदूषक होतो. त्याचा खेळ एकच, रोज थपडा खाण्याचा. अंगरख्यावर शिवलेलं कापडी काळीज सोबती उपटून वाळूत पुरतात आणि लोक हसून लोटपोट होतात. घोड्यावरच्या कसरती करणारी कॉन्सुएलो ते काळीज पुन्हा टाचून देत असताना तो तिच्यावरचं प्रेम बोलून दाखवतो. तिला ती थट्टाच वाटते. तीही हसत त्याला एक चापट मारते. रंगाने माखलेल्या चेहऱ्यातून चेनी तो घाव ज्या तऱ्हेने दाखवतो, त्याला तोड नाही.

पुढच्याच वर्षी जर्मनीत 'व्हरायटी' आला. कार्ल फ्रॉइंडने कॅमेरा झोक्यावर चढवला आणि खालची गर्दी कसरतपटूच्या डोळ्यांनी दाखवली. टॉड ब्राउनिंगच्या 'द अननोन'मध्ये (१९२७) चेनी पुन्हा सर्कशीत आहे. पुरुषांचे हात सहन न होणाऱ्या मुलीसाठी तो स्वतःचे दोन्ही हात कापून घेतो आणि परततो, तर ती एका पहिलवानाच्या मिठीत! चॅप्लिनचा 'द सर्कस' (१९२८) विनोदी खरा, पण दुखणं तेच: हसवायला सांगितलं की त्याला जमत नाही, आणि जीव मुठीत धरून पळत सुटला की तंबू डोक्यावर घेतला जातो.

तोवर बोलपट आला होता. मुर्नाऊच्या 'फोर डेव्हिल्स' या सर्कसपटाची (१९२८) एकही प्रत आज सापडत नाही, ही मोठीच हानी. 'ही हू गेट्स स्लॅप्ड' मात्र शाबूत आहे आणि २०२० पासून अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मुक्तही. सुरुवात त्याच्यापासून करा.