रूटविना कंटेनर, लॉगिनविना सेवा

बोदवडसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या वाचनालयाने आपली कागदपत्रे आणि छायाचित्रे बाहेरच्या कंपनीकडे न सोपवता स्वतःच्या संगणकावर, नेक्स्टक्लाउडसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ठेवायची ठरवली, तर दोन प्रश्न उभे राहतात: त्यातून कोणी आत शिरल्यास सारा संगणक त्याच्या ताब्यात जाईल काय, आणि वीज जाऊन आल्यावर ते सुरू करायला माणूस लागेल काय.

सॉफ्टवेअर त्याच्या सर्व पूरक फायलींसह वेगळ्या कप्प्यात चालवण्याच्या पद्धतीला कंटेनर म्हणतात. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने ती रूढ केली. परंतु डॉकरची मुख्य प्रक्रिया सहसा ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावे चालते. त्यातला धोका २०१९ मध्ये स्पष्ट दिसला: डॉकर कंटेनर चालवण्यासाठी वापरतो त्या रनसी या घटकातील त्रुटीमुळे कंटेनरमधील रूटला यजमान संगणकावरील रनसीची फाइलच बदलता येत होती. रेड हॅटने विकसित केलेल्या पॉडमॅन या पर्यायी साधनात सामान्य वापरकर्ताही कंटेनर चालवू शकतो. तेव्हा आतला रूट बाहेर त्या वापरकर्त्याइतकाच अधिकार बाळगतो आणि आतल्या इतर वापरकर्त्यांना बाहेर वेगळे क्रमांक मिळतात. ही क्रमांकपट्टी १,००,००० पासून सुरू होत असेल, तर आतील क्रमांक ३३ च्या वेब सर्व्हरची फाइल बाहेर १,००,०३२ च्या नावे दिसते. नवख्याला ही मालकी चुकीची वाटते. प्रत्यक्षात संरक्षण तिच्यातच आहे. अर्थात कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सर्वांचा एकच असल्याने तो अद्ययावत ठेवणे टळत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सिस्टमडी देते. संगणक सुरू होताच सेवा उभ्या करणारी आणि त्या कोसळल्यास सांगितल्याप्रमाणे पुन्हा उठवणारी ही व्यवस्था आहे. पॉडमॅन ४.४ पासून, म्हणजे २०२३ पासून, क्वाडलेट सोयीमुळे कोणती प्रतिमा (कंटेनरचा तयार साचा), कोणता पोर्ट, कोणता फोल्डर एवढे एका छोट्या फाइलीत लिहिले की सिस्टमडी त्यावरून सेवा तयार करते. मात्र सामान्य वापरकर्त्याच्या सेवा एरवी त्याने लॉगिन केल्यावरच सुरू होतात आणि लॉगआउटबरोबर थांबतात, त्यामुळे ‘लिंगर’ हा पर्याय त्याच्या नावे एकदा चालू करावा लागतो. बहुतेकांची फसगत येथेच होते, कारण चाचणी घेणारा स्वतः लॉगिन केलेला असतो आणि सारे सुरळीत दिसते.

म्हणून मांडणी पूर्ण झाली असे मानण्यापूर्वी संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा आणि कोणीही लॉगिन न करता दुसऱ्या संगणकावरून पान उघडते की नाही, हे अवश्य पाहावे.