टेरामायसिनऐवजी कोणते औषध चालेल?

घटसर्पात जनावर काही तासांतच दगावू शकते. अशा वेळी चिठ्ठीवरील टेरामायसिन दुकानात नाही म्हणून शेतकऱ्याने रिकाम्या हाताने परतणे फार महाग पडते. वास्तविक तेच औषध दुसऱ्या नावाने त्याच फळीवर असण्याचा संभव असतो.

टेरामायसिन हे व्यापारी नाव असून फायझर कंपनीने ते १९५० साली बाजारात आणले. त्यातील मूळ द्रव्य ऑक्सिटेट्रासायक्लिन होय. त्यावरील पेटंटची मुदत केव्हाच संपल्यामुळे अनेक कारखाने हे औषध तयार करतात. बाटलीवर 'प्रत्येक मिलिलिटरमध्ये' या शब्दांपुढे द्रव्याचे नाव व प्रमाण छापलेले असते. तेवढे वाचले म्हणजे नावांचा घोळ सुटतो.

मात्र द्रव्य जुळले म्हणून सर्व जुळले असे नव्हे. या औषधाचे दर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमचे द्रावण मिळते, तसेच अंगात दीर्घकाळ टिकणारे २०० मिलिग्रॅमचेही मिळते. पहिल्याच्या मापाने दुसरे टोचल्यास चौपट औषध जाईल! यास्तव ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने बदली औषधाचे द्रव्य व प्रमाण पशुवैद्यांस कळवावे आणि मात्रा त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावी. बाटलीवर ते केवळ जनावरांच्या उपचारासाठी असल्याची सूचना आहे ना, हेही पाहावे.

उपचारानंतर दूध किती दिवस वर्ज्य करावयाचे हे लेबलावर दिलेले असते. त्या औषधाची अशी मुदत निश्चित झालेली नसल्यास २०१२ च्या नियमानुसार ती किमान ७ दिवसांची धरावी.