मंदगती जोडणीचे निदान

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्यानंतर कित्येक वर्षे घरोघरचे संगणक साध्या टेलिफोनच्या तारेवरूनच जगाशी जोडले जात. संगणकातील अंकांचे ध्वनिसंकेत करून ते तारेवर सोडणे, हे मोडेम नामक यंत्राचे काम. १९९८ च्या मानकानुसार त्याचा कमाल वेग सेकंदाला ५६ किलोबिट, म्हणजे केवळ ७ किलोबाइट होता. एक मेगाबाइटचे चित्र उतरण्यास सुमारे अडीच मिनिटे लागत. वेग निम्म्यावर आला की वेळ दुप्पट लागे, आणि टेलिफोनचे बिलही त्याबरोबर वाढे. मग "संगणक जुना झाला, नवा घ्या" असा सल्ला मिळे. आमच्या मते हे निदानावाचून दिलेले औषध होय.

दोष तारेत आहे की यंत्रात, हे प्रथम ठरविले पाहिजे. जोडणी होताच संगणक तिचा वेग दाखवी. तो फारच कमी दिसला, तर संशय तारेवर घ्यावा. रिसीव्हर उचलून एक आकडा फिरवावा व शांततेत खरखर ऐकू येते का, ते पाहावे. गोंगाटात आपण सावकाश बोलतो, तसेच मोडेमही अशा तारेवर वेग उतरविते. घरातील इतर फोन सोडवून, मोडेम आखूड तारेने थेट भिंतीवरील खोक्यास जोडावे. वेग सुधारला तर दोष घरातला. न सुधारला व खरखरही कायम राहिली, तर तक्रार टेलिफोन खात्याकडे न्यावी.

दाखविलेला वेग चांगला असूनही पाने रेंगाळत असतील, तर यंत्राकडे वळावे. हार्ड डिस्कचा दिवा सारखा लुकलुकत असल्यास बहुधा स्मृती अपुरी असते, किंवा एखादा प्रोग्राम पडद्याआड काम करीत असतो. मात्र एकच संकेतस्थळ मंद असेल, तर आपल्या यंत्रास बोल लावू नये. उणीव पलीकडे असण्याचा संभव अधिक.

या साऱ्यात एक नियम कटाक्षाने पाळावा: एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाने आला हे कळत नाही.

अमेरिकेतील एओएल कंपनीने आपली अशी सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. तथापि जोडणी आज बिनतारी असली, तरी निदानाची ही रीत तीच आहे. नवे यंत्र विकत घेण्यापूर्वी ती अवलंबिल्यास घरचे पैसे खचित वाचतील.