विश्लेषण : एसएसएच किल्लीसाठी एकच एजंट का पुरेसा?

लिनक्सवरून दूरच्या सर्व्हरवर शिरताना दर वेळी पासफ्रेज, म्हणजे किल्लीचा परवलीचा शब्द, टाकावा लागतो. त्याला कंटाळून काही जण बिनपासफ्रेजची किल्ली वापरतात. मग लॅपटॉप चोरीला गेला, तर सर्व्हरही चोराला खुला होऊ शकतो.

एसएसएच कशासाठी?

हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच तयार केले. यात किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर, तर खासगी किल्ली स्वतःच्या संगणकावर राहते.

एजंट काय करतो?

पासफ्रेज एकदा दिली की एजंट उघडलेली किल्ली मेमरीत ठेवतो. सर्व्हरने ओळख विचारली की तो सही करून देतो. किल्ली मात्र सर्व्हरकडे जात नाही. एजंटचा पत्ता ‘एसएसएच_ऑथ_सॉक’ या व्हेरिएबलमध्ये असतो.

गोंधळ कुठे होतो?

अनेक जण एजंट सुरू करण्याची ओळ ‘बॅशआरसी’ फाइलमध्ये लिहितात. ही फाइल टर्मिनलची नवी खिडकी उघडताना सहसा पुन्हा वाचली जाते. परिणामी प्रत्येक खिडकीला नवा, रिकामा एजंट मिळतो आणि पासफ्रेज पुन्हा मागितली जाते.

सोपा मार्ग कोणता?

आधी ते व्हेरिएबल भरलेले आहे का, ते पाहावे. काही डेस्कटॉप लॉगिनबरोबरच एजंट सुरू करतात. तसे नसेल, तर सिस्टमडीची यूझर सर्व्हिस म्हणून एकच एजंट चालवावा आणि व्हेरिएबलमध्ये त्याचा कायमचा पत्ता द्यावा. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘ॲडकीजटूएजंट येस’ ही ओळ घालावी. ओपनएसएसएच ७.२ पासून (२०१६) ही सोय आहे. किल्ली प्रथम वापरताच एजंटकडे जाते. मग ‘बॅशआरसी’मधील एजंट सुरू करणाऱ्या ओळी काढून टाकता येतात.

धोका कोणता?

‘एजंट फॉरवर्डिंग’ सरसकट सुरू ठेवू नये. जोडणी असेपर्यंत त्या सर्व्हरचा रूट वापरकर्ता हा एजंट वापरू शकतो. २०१९ मध्ये मॅट्रिक्स डॉट ऑर्गवरील हल्ल्यात याच सोयीचा गैरफायदा घेतला गेला. एका सर्व्हरमार्गे दुसऱ्यावर जायचे असल्यास ‘प्रॉक्सीजंप’ अधिक सुरक्षित ठरते. किल्ली एजंटकडे किती वेळ राहावी, याची मुदतही ठरवता येते.

पासफ्रेज लॉगिननंतर एकदाच द्यावी लागली, तर ती काढून टाकण्याचे कारणच उरत नाही.